लोखंडाची पूर्वमशागत



नांगरट नाही, कुळवाची पाळी नाही, धसकटे वेचलेली नाहीत, अशा रानात कोणी पेरणी करील काय? बियाणे कितीही भारी आणले तरी ढेकळावर पडलेले बी उगवायचे नाही, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. पण हेच शहाणपण आपण लोखंडाच्या बाबतीत विसरतो. पावसाळा तोंडावर आला की बाजारातून रंगाचा डबा आणतो, गेटावरची धूळ फडक्याने झटकतो आणि सरळ ब्रश फिरवतो. गेट दोन महिने नव्या नवरीसारखे दिसते. श्रावण सरतो न सरतो तोच रंगाला फोड येतात, पोपडे सुटतात आणि आतून तांबूस गंज डोकावू लागतो. मग आपण दुकानदाराला नावे ठेवतो, कंपनीला नावे ठेवतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचा डबा आणतो.

डबा बहुधा चांगलाच असतो. चुकते ती पूर्वमशागत. रंग असो, प्रायमर असो, की तडा बुजवायचा एम-सील असो, त्याचे आयुष्य त्याच्याखालच्या पृष्ठभागावर ठरते. आज त्याच मशागतीविषयी बोलू. खर्च थोडा आहे, मेहनत मात्र आहे, आणि मेहनतीला आपण भीत नाही.

गंज म्हणजे काय?

लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू ही दोन्ही एकदम भेटली की गंज धरतो. दोहोंपैकी एक जरी अडवले तरी गंज थांबतो. रंगाचे काम एवढेच, की पाणी आणि हवा लोखंडापर्यंत पोचू द्यायची नाही. यात मीठ आले की गंजाला पंख फुटतात. म्हणून कोकणच्या किनाऱ्यावरचा पत्रा देशावरच्या पत्र्यापेक्षा लवकर खलास होतो.

पण मीठ काही समुद्रातच असते असे नाही. पोटॅश खत हे मिठाचेच भावंड आहे. युरियाचे सांडलेले दाणे हवेतला ओलावा ओढून घेतात आणि लोखंड ओले ठेवतात. गोठ्यातले गोमूत्र, शेणाचा चिकटा, हे सारे लोखंडाचे वैरी. खत पेरून झाल्यावर पाभर तशीच सोप्यात उभी केली, की त्या रात्रीपासून तिला कीड लागली म्हणून समजा.

मोरचुदाची गोष्ट तर द्राक्षबागायतदारांना ठाऊकच आहे. बोर्डो मिश्रण लोखंडी पिपात करू नये म्हणतात, ते का? मोरचुदातले तांबे लोखंडावर येऊन बसते आणि तेवढे लोखंड विरघळून जाते. मिश्रण नीट साधले की नाही हे पाहायला आपण त्यात विळा किंवा खिळा बुडवतो. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे ओळखतो आणि आणखी चुन्याची निवळी घालतो. त्या विळ्यावर जे घडते तेच लोखंडी पिपात घडते. दवाही बिघडते आणि भांडेही जाते.

आता मुख्य गोष्ट ऐका. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, निदान दुप्पट तरी. म्हणजे रंगाखाली चिमूटभर गंज राहिला आणि त्याला ओल मिळत गेली, तर तो फुगत जातो आणि वरचा रंग उचलून धरतो. त्या फटीतून पाणी आत शिरते, पाण्याने गंज वाढतो, गंजाने रंग आणखी उचलतो. गंजावर मारलेला रंग हा असा वाळवी लागलेल्या भिंतीला गिलावा केल्यासारखा आहे. वरून कीर्तन, आतून तमाशा!

दिल्लीच्या स्तंभाचे काय?

कोणी म्हणेल, दिल्लीत कुतुबमिनारापाशी लोखंडी स्तंभ उभा आहे, तो तर सोळाशे वर्षांत गंजला नाही. खरे आहे. गुप्त राजांच्या काळातला तो स्तंभ सुमारे सात मीटर उंच आणि सहा टनांहून जड आहे. कानपूरच्या आय.आय.टी.तील प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला होता. त्या जुन्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण बरेच आहे. त्यामुळे त्याच्या अंगावर एक पातळ, घट्ट थर तयार झाला आणि त्याने आतले लोखंड राखले. दिल्लीची कोरडी हवाही मदतीला आली. पण आपल्या नांगराचे, गेटाचे, ट्रॉलीचे पोलाद त्या जातीचे नाही. आपल्याला हा थर बाहेरून चढवावा लागतो.

हे ज्ञान घरातच होते

भगिनींनो, पूर्वमशागतीचा हा धडा आपल्याकडे फार जुना आहे. कल्हईवाला आठवा. आता तो फारसा दिसत नाही, पण थोरल्या मंडळींनी त्याला अंगणात भाता लावून बसलेला पाहिला असेल. पितळी पातेल्यात ताक किंवा आमटी कळकू नये म्हणून तो आतून कथलाचा हात देत असे. पण कथील लावायचे काम किती? घटकाभराचे. त्याआधी तो भांडे वाळूने घासघासून घेई. मोठ्या हंड्यात तर पोरगा उभा राही आणि पायाखाली वाळू घेऊन गरागरा फिरे. मग भांडे तापवून त्यावर नवसागराची पूड टाकली, की पांढरा धूर निघे. नवसागर धातूवरची उरलीसुरली मळी आणि काजळी खाऊन टाकतो. मगच कथलाचा तुकडा फिरवला, की कापसाच्या बोळ्यासरशी तो आरशासारखा पसरे. नवसागर टाकला नाही, तर कथलाच्या गोळ्या होऊन घरंगळत. नुसत्या कथलावर काम भागत नाही हे त्या अडाणी म्हणवणाऱ्या कारागिराला पक्के माहीत होते.

तव्याचेही तसेच. धुऊन, कोरडा करून, विस्तवावर धरून, तेलाचे बोट फिरवून ठेवलेला तवा गंजत नाही. ओला ठेवलेला तवा एका रात्रीत तांबडा होतो. आधी स्वच्छ, मग कोरडा, मग लेप. आज जे सांगायचे आहे ते एवढेच. आता एकेक पायरी घेऊ.

पायरी पहिली : धुणे

पुष्कळ जण आधी घासायला बसतात. तसे करू नका. आधी धुवा. लोखंडावर ग्रीस, तेल, शेणाचा थर असताना घासले, तर तारेचा ब्रश तेच तेल सगळीकडे पसरतो. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा किंवा साबणचुरा टाकून चिंधीने नीट चोळा आणि स्वच्छ, गोड्या पाण्याने भरपूर धुवा. खत लागलेली अवजारे आणि किनाऱ्यावरचे पत्रे यांना हे धुणे चुकवू नका. मीठ डोळ्यांना दिसत नाही आणि ब्रशाने निघत नाही. ते पाण्यानेच जाते.

फार ग्रीस असेल तर आधी डिझेल किंवा रॉकेलच्या बोळ्याने पुसावे. पण तेवढ्यावर थांबू नये. ही दोन्ही मागे तेलकट पापुद्रा ठेवतात. त्यानंतर सोड्याचे धुणे हवेच.

पायरी दुसरी : घासणे

कोरडे झाले की सैल पोपडे पटाशीने किंवा खरवडणीने काढा. मग तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर. एक फसवणूक सांभाळा. तारेच्या ब्रशाने गंज कधी कधी निघत नाही, नुसता चकाकतो. काळपट तुकतुकीत दिसले की आपण समजतो झाले. नखाने किंवा पटाशीच्या टोकाने खरवडून पाहा. तपकिरी भुकटी आली तर काम बाकी आहे. खाली लोखंडाचा करडा-रुपेरी रंग दिसला पाहिजे.

नवे अँगल आणि पट्ट्या आणल्या, की त्यांवर निळसर काळी कातडी असते. भट्टीतून गरम असतानाच लोखंड लाटले जाते, तेव्हा ती धरते. दिसायला टणक आणि सुंदर, म्हणून लोक तिच्यावरच रंग मारतात. ही कातडी पुढेमागे तडकते. तडकली की त्या फटीत गंज नेहमीपेक्षा जोरात खातो आणि कातडी रंगासकट गळून पडते. जमेल तेवढी घासून काढावी, नाहीतर वेल्डिंगवाल्याकडूनच ग्राइंडरने साफ करून घ्यावी. ग्राइंडर चालवताना डोळ्यांना चष्मा हवाच. चाकाच्या तारा सुटून सुईसारख्या उडतात.

धारदार कडा कानशीने थोड्या गोल करा. रंग वाळताना धारेवरून मागे सरकतो आणि तिथे थर पातळ पडतो. म्हणूनच गंज बहुतेक वेळा कडेपासून सुरू होतो.

शहराजवळ कोणी वाळूच्या फवाऱ्याने लोखंड साफ करून देतो. काम झकास होते, पण कोरड्या वाळूची बारीक धूळ छातीत बसते आणि फुप्फुसे दगडासारखी होतात. या रोगावर उतारा नाही. ब्रिटनमध्ये १९४९ च्या नियमांनी अशा कामात वाळू वापरायला बंदी केली. आपली पोरे अशा कामावर जात असतील तर त्यांना हे सांगा. तोंडाला रुमाल बांधल्याने ही धूळ अडत नाही.

जुना रंग खरवडतानाही जपायला हवे. पूर्वीच्या रंगांत शिसे असे, आणि शेंदरी प्रायमर तर शिशाचाच असे. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे २०१६ साली नियम झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून तो लागू आहे. म्हणजे त्याआधीचा रंग संशयितच धरावा. तो कोरडा घासू नका. पाण्याचा पॉलिश पेपर घेऊन ओला घासा, लहान मुले आणि गरोदर बाया यांना लांब ठेवा, निघालेला चोथा गोळा करून पुरा आणि हातपाय धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.

आम्लाचा मोह

गंज काढायला कोणी बाटलीतले आम्ल आणतो, तेच जे संडास धुवायला वापरतात. त्याने गंज उतरतो खरा, पण ते आम्ल मिठाच्या जातीचे आहे. फटीत, जोडात ते थोडे जरी राहिले तरी दुसऱ्या दिवशी दुप्पट गंज येतो. वाफेने डोळे आणि छाती जळते ते वेगळेच. ते वापरू नये हे बरे. ब्लीचिंग पावडरजवळ तर ते कधीच नेऊ नका. दोहोंच्या मिलाफातून विषारी वायू निघतो.

त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानात फॉस्फोरिक आम्लाचे, गंजावर लावायचे औषध मिळते ते बरे. खड्ड्यातला उरलेला बारीक गंज त्याने काळसर, घट्ट थरात बदलतो आणि त्यावर रंग चांगला धरतो. ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडमध्ये टॉमस कॉस्लेट यांनी १९०६ साली फॉस्फोरिक आम्लाने लोखंड राखण्याचा हक्क नोंदवला. आजही गाड्यांच्या पत्र्याला रंगाआधी याच जातीचा हात दिला जातो. मात्र हे औषधसुद्धा सैल गंज आणि पोपडे काढल्यावरच लावायचे. जाड गंजावर ओतले तर वरचा पापुद्राच तेवढा काळा होतो. हातात रबरी मोजे घाला आणि बाटलीवरच्या सूचना वाचणाऱ्याकडून वाचून घ्या.

पायरी तिसरी : पाण्याची परीक्षा

आता एक परीक्षा सांगतो, तिला पैसा लागत नाही. साफ केलेल्या जागेवर स्वच्छ पाणी शिंपडा आणि पाहा. पाणी सलग पसरले, फाटले नाही, तर पृष्ठभाग निर्मळ आहे. पाण्याचे मोती झाले, अळूच्या पानावर होतात तसे, तर तिथे अजून तेलकटपणा आहे. पुन्हा धुवा. विमानाच्या कारखान्यांतही धातू चिकटवण्याआधी हीच पाण्याची परीक्षा घेतात. तुमच्या अंगणात ती तितकीच खरी उतरते.

परीक्षा झाली की लगेच कोरड्या फडक्याने पुसा आणि उन्हात सुकवा. शेवटी थिनरचा हात द्या. एका फडक्याने लावा आणि उडून जाण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसा. एकच फडके सगळीकडे फिरवले, तर मळ इथला तिथे होतो. थिनरपाशी बिडी-काडी नको.

एकदा साफ झालेले लोखंड उघडे ठेवू नका. त्याला हवा फार लवकर बाधते. दमट दिवसात काही तासांतच त्यावर तांबूस झाक येते. सकाळी घासले तर दुपारी प्रायमर, असा बेत ठेवा. आज घासू आणि रविवारी रंगवू, असे केले तर घासलेले वाया गेले. उघड्या हाताने चाचपूही नका. बोटांचा घाम म्हणजे मीठ आणि तेल.

पायरी चौथी : प्रायमर आणि रंग

पहाटे दव असते, म्हणून ऊन चांगले वर आल्यावर काम सुरू करा आणि दव पडायच्या आत, दिवस कलायला लागला की थांबवा. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या पत्र्यावरही रंग मारू नये. वरचा थर झटकन वाळतो आणि आतला वाफ होऊन फोड आणतो. खरे पाहता आपण सारे मृगाच्या तोंडावर धावतो, तेच चुकते. या कामाला दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. खंडेनवमीला अवजारे धुऊन पुसून पुजतो ना? त्याच्या मागोमागच हे काम काढले तर पूजाही खरी झाली.

आधी कडा, वेल्डिंगचे जोड, बोल्टांची डोकी यांना ब्रशाने प्रायमरचा एक वेगळा हात द्या. मग सगळीकडे एक सलग हात. तो डब्यावर लिहिल्याप्रमाणे वाळू द्या आणि मग रंगाचे दोन पातळ हात. एक जाड हात देऊन भागवू नका.

गावोगाव नुसता लाल प्रायमर मारून ठेवलेली गेटे दिसतात. "रंग पुढच्या वर्षी देऊ" असे म्हणता म्हणता तीन पावसाळे जातात. प्रायमर हा लोखंडाला धरून राहतो, पण पाऊस अडवायला तो केलेला नाही. त्यातून ओल झिरपते. प्रायमर म्हणजे अस्तर. नुसत्या अस्तराचा सदरा घालून पावसात कोणी जात नाही.

जस्ती पत्र्याची तऱ्हा

जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा न्याय वेगळा आहे. फ्रान्समध्ये स्टॅनिस्लास सोरेल यांनी १८३७ साली ही कृती नोंदवली. जस्त लोखंडाला नुसते झाकत नाही, तर लोखंडाच्या आधी स्वतः झिजते. पत्र्याला ओरखडा पडला तरी शेजारचे जस्त लोखंडाला काही काळ राखते. म्हणून जस्ती पत्रा तारेच्या ब्रशाने खसाखसा घासू नका. आपणच त्याचे चिलखत उतरवतो.

नव्या जस्ती पत्र्यावर साधा तेलरंग धरत नाही. तेलरंग आणि जस्त यांच्यात साबणासारखा पदार्थ बनतो आणि रंग सालीसारखा सुटतो. सोड्याच्या सौम्य पाण्याने धुऊन, बारीक पेपरने अलगद हात फिरवून, जस्ती पत्र्यासाठीच असलेला प्रायमर मागून घ्या. दुकानात तो वॉश प्रायमर किंवा एच प्रायमर या नावाने मिळतो. घाई नसेल तर पत्रा वर्षभर ऊन-पाऊस खाऊ द्या, मग धुऊन रंगवा. तोवर त्याचा तुकतुकीतपणा गेलेला असतो.

नवे पत्रे आणून एकावर एक आडवे रचून ठेवू नका. मध्ये पाणी शिरले की पांढरा गंज धरतो आणि न वापरताच जस्त संपते. मध्ये काटक्या देऊन, उतार देऊन, झाकून ठेवा. पत्र्याला तांब्याची तार बांधू नका. तांब्याच्या संगतीने जस्त लवकर झिजते.

चिकटवण्याचे काम

आता एम-सील आणि त्याच्या भाऊबंदांविषयी. हे दोन घटकांचे लेप, एक राळ आणि एक घट्ट करणारा. स्वित्झर्लंडमध्ये या जातीची राळ शोधली गेली आणि तिथल्या सिबा कंपनीने १९४६ साली अरल्डाइट बाजारात आणले. ताकद मोठी, पण धरण्यासाठी स्वच्छ धातू हवा. नाहीतर तो धातूला न धरता धुळीला धरतो, आणि धूळ कशालाच धरत नाही.

याची किंमत किती मोठी असू शकते, हे एका अपघाताने जगाला दाखवले. २८ एप्रिल १९८८ रोजी अमेरिकेच्या हवाई बेटांवरून अलोहा एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान चालले होते. उंची सुमारे २४,००० फूट. एकाएकी पुढच्या भागाचे छत फाटून उडून गेले. एक विमानसेविका बाहेर फेकली गेली आणि मरण पावली, बरेच जण जखमी झाले. वैमानिकांनी तशा स्थितीत विमान माउई बेटावर उतरवले, म्हणून बाकीचे वाचले. चौकशीत काय निघाले? या जातीच्या सुरुवातीच्या विमानांत पत्र्याचे सांधे रिव्हेट आणि चिकट लेप दोन्हींनी जोडलेले होते. पत्र्याची तयारी सगळीकडे सारखी साधली नव्हती, म्हणून काही जागी लेप कच्चा धरला, काही जागी धरलाच नाही. त्या फटीत ओल शिरली आणि गंज आला. सारा भार रिव्हेटांच्या भोकांवर आला. एकोणीस वर्षांच्या, जवळजवळ नव्वद हजार उड्डाणांच्या ताणाने तिथे बारीक तडे गेले. देखभालीत ते वेळीच कोणी पकडले नाहीत आणि एके दिवशी तडे एकमेकांना जाऊन मिळाले.

आपल्या घरचे काम लहान, पण रीत तीच. पत्र्याची टाकी गळते किंवा पंपाच्या बाहेरच्या बिडाला तडा गेला आहे, असे समजा. आधी टाकी रिकामी करून पूर्ण सुकवा. ओल्या जागेवर साधा लेप धरत नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून घ्या म्हणजे तडा पुढे पळत नाही. तड्याभोवती दोन-दोन बोटे जागा उजळ होईपर्यंत घासा. इथे गुळगुळीत नको, बारीक खरखरीत हवे, म्हणजे लेपाला पकड मिळते. थिनरने पुसा, पाण्याची परीक्षा घ्या, सुकवा. मग दोन्ही भाग सांगितलेल्या प्रमाणात घेऊन एकच रंग येईपर्यंत मळा. कणीक मळल्यासारखे नीट मळा. रेघा राहिल्या तर तेवढी जागा कच्ची राहते. दाबून भरा आणि पुरे चोवीस तास हात लावू नका. थंडीत आणखी वेळ द्या.

अल्युमिनियमचे पाइप किंवा भाग असतील तर घासल्यानंतर लगेच, घटकाभरात लेप द्या. उघड्या अल्युमिनियमवर हवेने क्षणात एक पापुद्रा चढू लागतो. ते घासायला लोखंडी तारेचा ब्रश घेऊ नका. त्याचे कण अल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथेच पुढे झीज सुरू होते.

कुठे चिकटवू नये आणि कुठे रंगवू नये

हे मात्र घरातल्या सगळ्यांनी कान देऊन ऐकावे. लेपाने गळती थांबते, जीव तोलता येत नाही. ट्रॉलीचा हुक आणि दांडा, ब्रेकचे भाग, गॅसची शेगडी, नळी आणि सिलिंडर, मोटेच्या किंवा विहिरीच्या रहाटाचा आस, यांना लेप लावून वेळ मारून नेऊ नका. सायलेन्सरसारख्या तापणाऱ्या भागावर साधा लेप मऊ पडतो.

रंगकामाआधी ट्रॉलीच्या हुकावर आणि दांड्याच्या वेल्डिंगवर छोट्या हातोडीने ठोकून पाहा. निरोगी लोखंड टणटण वाजते. बद्द आवाज आला, पापुद्रे निघाले, खड्डे खोल दिसले, तर रंगाचा डबा बाजूला ठेवा आणि तो भाग बदला. उसाने भरलेल्या ट्रॉलीवर किंवा जत्रेला जाताना तिच्यात आपलीच माणसे बसतात. गंजाने निम्मा खाल्लेला हुक रंगवला की तो पूर्वीइतकाच कच्चा राहतो, फक्त दिसेनासा होतो.

डिझेलच्या किंवा औषधाच्या रिकाम्या पिपावर वेल्डिंग करू नका. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. जस्ती वस्तूला वेल्डिंग करायचेच असेल तर तेवढे जस्त घासून काढून, उघड्यावर करा. त्याच्या धुराने रात्री थंडी-ताप भरतो.

पिण्याच्या पाण्याच्या टाकीला किंवा धान्याच्या कोठीला आतून गेटाचा रंग देऊ नका. पाण्यासाठीच केलेला लेप मिळतो, तो मागा. फाळ, कुळवाची पास, विळा, खुरपे यांच्या धारेला रंग लागत नाही. ती धुऊन, पुसून, तेलाचा हात देऊन ठेवा. जळके ऑइल नांगराला चालेल, पण उघड्या हाताने लावू नका, आणि धान्याला, वैरणीला लागणाऱ्या वस्तूला तर नकोच. जिथे पुढे रंग द्यायचा तिथेही ते लावू नका. जवसाचे तेल लाकडी दांड्याला आणि लोखंडाला दोन्हीला छान, पण तेल लागलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. उन्हात पसरून वाळवा.

हिशेब

तीन दिवसांचे काम असेल तर दोन दिवस धुण्या-घासण्याला द्या, एक दिवस रंगाला. शेजारी हसतील, की अजून ब्रश डब्यात बुडाला नाही! हसू द्या. पेरणी एका दिवसात होते, मशागतीला उन्हाळा जातो.

सगळे गेट, सगळे पत्रे एकदम काढू नका. यंदा एकच वस्तू घ्या, खत पेरणारी पाभर किंवा गोठ्याचे दार. या रीतीने ती तयार करून रंगवा आणि नेहमीच्या रीतीने रंगवलेल्या दुसऱ्या दाराच्या शेजारी ठेवून दोन पावसाळे पाहा. कोणते टिकले ते दारच सांगेल. मग कोणत्या कामाला किती दिवस द्यायचे, ते घरात बसून तुम्हीच ठरवा.